मीठ कमी केले. पण पोटॅशिअमचे काय?

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले, की 'मीठ कमी करा' हा सल्ला ठरलेलाच असतो. तो योग्यच आहे. पण अपुरा आहे. आहारातील सोडिअमइतकेच पोटॅशिअमचे प्रमाणही रक्तदाबावर परिणाम करते.

मिठात सुमारे ४० टक्के सोडिअम असते. ते वाढले, की शरीर पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील दाबही वाढतो. पोटॅशिअमचे कार्य याच्या उलट आहे. ते अतिरिक्त सोडिअम लघवीवाटे बाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना मदत करते आणि रक्तवाहिन्या शिथिल करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशिअम घ्यावे. लोणचे, पापड, फरसाण यांनी मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते. पोटॅशिअम मिळते ते डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, रताळी, केळी आणि शहाळ्याच्या पाण्यातून.

अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' अभ्यासात मिठाचे प्रमाण न बदलता फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ वाढविण्यात आले. पोटॅशिअम, मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअमने समृद्ध अशा या आहाराने उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींचा वरचा दाब नेहमीच्या आहाराच्या तुलनेत सरासरी ११ अंकांनी उतरला. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना २५ टक्के पोटॅशिअम क्लोराईड असलेले मीठ देण्यात आले. साधे मीठ खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

मात्र असे मीठ प्रत्येकाला चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे सुरू असल्यास रक्तातील पोटॅशिअम वाढून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. ही स्थिती जिवावर बेतू शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. सैंधव हाही पर्याय नव्हे. तेही प्रामुख्याने सोडिअम क्लोराईडच असते.

आहार सुधारला म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. ताटातील मीठ कमी करतानाच भाजी-आमटीचा वाटा वाढवणे, हा बहुतेकांना परवडणारा मार्ग आहे.