कॅमेऱ्याची जागा कोण ठरवतो?

नटांच्या चित्रपटात कॅमेऱ्याची जागा चुकली, तर तो उचलून दोन हात पलीकडे ठेवता येतो. नट पुन्हा उभा राहतो. काढलेल्या चित्रांच्या चित्रपटात ही सोय नाही. तेथे नट नाही, घर नाही, खिडकीतले ऊनही नाही. जे दिसते ते सारे कोणीतरी हाताने काढलेले असते. म्हणून कॅमेरा कोठून पाहणार, हे आधीच ठरवावे लागते. या आराखड्याला त्या धंद्यात ‘लेआउट’ म्हणतात.

त्यात पार्श्वभूमीची रेखाकृती असते, पात्राची येण्याजाण्याची वाट असते आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भागाची चौकट असते. चौकट चुकली, तर चित्रकार पडद्यावर कधीच न येणारे पाय काढीत बसतो. पात्र उभे करण्याची कसोटीही सोपी आहे. ते सगळे काळे रंगवले तरी काय करीत आहे हे कळले पाहिजे. छातीसमोर धरलेला पेला काळ्या आकृतीत हरवतो. तोच बाजूने दाखवला, की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पाणी पिणारा माणूस दिसतो.

आता खोलीचा प्रश्न. आपण घराकडे चालू लागलो, की घर मोठे होते, चंद्र मात्र तेवढाच राहतो. सपाट चित्राजवळ कॅमेरा नेला, तर घराबरोबर चंद्रही फुगतो! डिस्नेच्या स्टुडिओत यावर ‘मल्टिप्लेन’ कॅमेरा उभारला गेला. कॅमेरा वर, खाली पाहणारा. त्याच्याखाली अंतराअंतरावर काचांचे थर. जवळचे झाड वरच्या काचेवर, चंद्र तळाशी. थर वेगवेगळ्या गतीने सरकत आणि आगगाडीच्या खिडकीतून दिसावे तसे जवळचे भरभर, लांबचे सावकाश जाई. १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात हे दिसले. त्याच डिसेंबरात ‘स्नो व्हाइट’ आला.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. यंत्र पाहिले की त्यामागचे हात मोजतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे ८३ मिनिटांच्या ‘स्नो व्हाइट’ला सुमारे १ लाख २० हजार चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी एका दृश्यातल्या निरनिराळ्या पात्रांची सेल्युलॉइडची पाने वेगळी. त्यांवर शाईची रेघ ओढणाऱ्या आणि मागून रंग भरणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या खात्यातल्या बहुतेक स्त्रियांची नावे नाहीत. मे १९४१ मध्ये, संघटनेच्या सभासदांना कामावरून काढल्यावर, डिस्नेच्या चित्रकारांनी संप केला. अखेर मालकांना संघटना मान्य करावी लागली.

आराखडा चांगला असेल तर शेकडो हातांचे श्रम सार्थकी लागतात. वाईट असेल तर त्याचा भुर्दंड शेवटच्या टेबलावरच्या बाईला पडतो. कॅमेऱ्याची जागा ठरविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, आणि पाहणाऱ्यांनी पडद्यावरच्या नावांबरोबर न आलेल्या नावांचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते.