दुभत्याच्या कपाटाचं खुराडं

जुन्या घरांत एक लाकडी कपाट असायचं. बाजूंना बारीक जाळी, आत दूध-दही-तूप, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. फ्रीज आला आणि दुभत्याचं कपाट माळ्यावर नाहीतर जिन्याखाली गेलं. घरामागे थोडी मोकळी जागा असेल, तर या कपाटाचं दोन-तीन कोंबड्यांसाठी झकास खुराडं होतं. जमिनीपासून उंच आणि हवा खेळती असल्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं कोंबडीच्या सवयी बघून करायचं.

सुताराला बोलावण्याआधी महापालिकेत चौकशी करा आणि सोसायटी असेल तर तिची संमती घ्या, कारण नियम शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये घरामागे कोंबड्या पाळता येतात, कोंबडा मात्र चालत नाही. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही आणि पहाटे शेजारी उठायचेही राहत नाहीत! तसाही अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची असतील तरच तो हवा.

आता कपाटाकडे वळू. पहिली गोष्ट झोपण्याची. कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे. ते रात्री झाडावर, फांदीवर बसतात. म्हणून कपाटातल्या फळ्या काढून निम्म्या उंचीवर एक आडवा दांडा ठोका. दोन इंच रुंद आणि कडा रंधा मारून गोल केलेला असावा. कोंबडी पाय दुमडून बसली की पायातल्या शिरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप आवळली जातात, त्यामुळे ती झोपेत पडत नाही. एका कोंबडीला साधारण १० इंच दांडा लागतो, म्हणजे ३ फूट रुंद कपाटात तिघी बसतात.

दुसरी गोष्ट अंडी घालण्याची. त्यासाठी कोंबडी आडोसा आणि अंधार शोधते. कपाटाच्या बाजूला फूटभर लांबी-रुंदीचा खोका बाहेरून जोडा, आत पेंढा घाला, तोंडाशी गोणपाटाचा पडदा सोडा. तिघींना एक खोका पुरतो. तो दांड्यापेक्षा खाली हवा. कोंबड्या झोपायला सगळ्यांत उंच जागा धरतात. खोका उंच राहिला तर तिथेच झोपतील आणि अंडी शिटांनी माखतील. पहिल्यांदा अंडी घालणाऱ्या कोंबडीला जागा कळावी म्हणून पेंढ्यात एक गुळगुळीत पांढरा गोटा ठेवून बघा.

एक अंडं तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. त्यातले २० तास नुसतं कवच चढायला. त्यामुळे आज सकाळी सातला अंडं दिलं, तर उद्याचं आठच्या आसपास, परवाचं आणखी उशिरा, आणि मग एक दिवस खाडा. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. त्यासाठी लागणारं कॅल्शियम मिळावं म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा. खाद्य दर कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम. भाजीची देठं, उरलेला भात हे वरचं खाणं. संध्याकाळी सांडलेलं उचलायला विसरू नका, नाहीतर पहिला पाहुणा घूस असेल.

तिसरी गोष्ट राखणीची. कपाटाची जुनी जाळी माश्यांसाठी होती, मुंगसासाठी नव्हती. नेहमीची षटकोनी जाळीही कोंबडीला आत ठेवते, पण मांजर-मुंगसाला फार काळ बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. कपाट फक्त रात्रीसाठी. दिवसा त्यांना फिरायला, माती उकरायला आणि धुळीत अंग घोळायला माणशी नव्हे, ‘कोंबडीशी’ १० चौरस फूट तरी जाळीबंद अंगण हवं. अंगणाची जाळी जमिनीत फूटभर गाडा, म्हणजे घुशीला खालून बीळ काढता येणार नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते. म्हणून खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. वर पत्रा असेल तर त्यावर उसाचं पाचट अंथरा, आणि दुपारी जाळीवर ओलं गोणपाट सोडा. पावसाळ्यात याच्या उलट काळजी. आत एक थेंबही येता कामा नये.

कारण वास येतो तो ओलीमुळे. तळाला तीन-चार इंच भाताचं तूस पसरा आणि दोन दिवसांआड हलवा. तूस कोरडं असेपर्यंत शीट त्यात मुरते. ओलं झालं की अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात. काढलेलं तूस थेट कुंडीत घालू नका, रोपं करपतील. दोन-तीन महिने कुजवलंत की उत्तम खत होतं.

शेवटचं, लसीचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की खुराडं रिकामं करते. लस कोणती आणि कधी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हापासून एक सवय सगळ्यांनीच लावून घेतलेली बरी: खुराड्यातून आलं की साबणानं हात धुवायचे, आणि एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवायचं.

हिशेब मांडलात तर बाजारातलंच अंडं स्वस्त पडेल. रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं देता येत असतील तरच कपाट खाली काढा. आणि कोंबडी एकटी आणू नका, किमान दोघी आणा. कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे.