लहान मूल, ओली फरशी आणि घरातली वीज

घरातलं रांगतं-चालतं मूल आणि घरातली वीज, एवढाच आजचा विषय आहे. हा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक लागला तर ते पडेलच." आज आपण मुख्यतः या एका वाक्याचा हिशेब मांडणार आहोत. कारण हे वाक्य खरं नाही, आणि त्याच्याच भरवशावर आपण मुलांना घरभर मोकळं सोडतो.

एमसीबी कोणाला वाचवतं?

एमसीबी असो की जुन्या घरातलं किटकॅट, दोघांचं काम वायर वाचवण्याचं आहे. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला तर ती तापते, आग लागते. ते होऊ नये म्हणून मध्येच लाईन तोडायची, एवढंच त्यांना माहीत. घरातलं एमसीबी समजा १६ अँपिअरचं आहे. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर.

आता माणसाचं बघू. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डालझिएल नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली तार माणूस किती करंटपर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. जवळजवळ सगळ्या पुरुषांना ९ मिलीअँपिअरपर्यंत तार सोडता येत होती, स्त्रियांना ६ पर्यंत. मुलांवर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून त्यांनी अंदाज बांधला: पुरुषाच्या निम्मा, म्हणजे साधारण साडेचार मिलीअँपिअर. त्याच्या पुढे मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. आणखी थोडा करंट छातीतून गेला की श्वास अडकतो, हृदयाची लय बिघडते.

झिरोचा १५ वॉटचा दिवा घ्या. त्यातून साधारण ६५ मिलीअँपिअर करंट जातो. झिरोचा दिवा लावल्यावर तुमचं एमसीबी पडतं का? नाही पडत. मग तेवढाच करंट मुलाच्या अंगातून गेला तर ते कसं पडेल? एमसीबीच्या दृष्टीने ते मूल म्हणजे एक छोटासा दिवा आहे. हे कठोर वाटेल, पण समजून घेण्यासारखं आहे.

त्यात मुलाची कातडी पातळ आणि बहुधा ओली. लाळ, घाम, सांडलेलं पाणी. कातडी कोरडी असेल तर ती करंटला बराच अडथळा करते, ओली झाली की तो अडथळा गळून पडतो. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर होतात. मोठा माणूस चपला घालून उभा असतो, मूल दोन्ही हात आणि गुडघे फरशीला टेकवून रांगत असतं.

आपल्या भागातली अर्थिंगची अडचण

मग अर्थिंग कशाला असतं? कूलर, फ्रीज, मोटार यांच्या बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी म्हणून. पण ती वाट जमिनीच्या ओलीवर चालते. आपला नांदगाव तालुका कमी पावसाचा. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते, मुरूम ठणठणीत कोरडा होतो. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा त्याच महिन्यांत निकामी होत जातो, आणि कूलरही त्याच महिन्यांत लागतो. एकीकडे पत्र्याच्या बॉडीचा कूलर, त्यात पाणी, खाली सांडलेलं पाणी, शेजारी मूल. दुसरीकडे कोरडा खड्डा.

साधा हिशेब करू. खड्ड्याचा रोध वाढून ५० ओहम झाला आहे आणि कूलरच्या बॉडीत फेज उतरला आहे. जमिनीत किती करंट जाईल? २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. १६ अँपिअरचं एमसीबी पडणारच नाही. कूलर चालू राहील, हवा देत राहील, आणि त्याच्या पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं राहील.

म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्यातून दोनदा तरी बादलीभर पाणी ओता. पिण्याच्या पाण्याची टंचाई आपल्याला माहीत आहे. भांडी-कपड्यांचं सांडपाणी चालेल. आणि वायरमनला एक प्रश्न जरूर विचारा: "बोर्डात अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडलेली नाही ना?" खड्डा नसला की काही जण ही पळवाट काढतात. कुठे न्यूट्रल तुटला, तर त्या बोर्डावरच्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीत फेज येतो.

मुलाला वाचवणारी डबी

मुलाला वाचवणारी वस्तू वेगळी आहे. तिला आरसीसीबी म्हणतात. दुकानात बरेच जण ईएलसीबी म्हणूनच मागतात. ती काय करते? आपल्याकडचा मेंढपाळ सकाळी मेंढ्या मोजून सोडतो, संध्याकाळी मोजून आत घेतो. एक कमी भरली की लगेच शोधाशोध. ही डबी तेच करते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत मोजत असते. कमी आला म्हणजे मध्ये कुठेतरी गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ती जास्तीत जास्त ०.३ सेकंदात लाईन तोडते, फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. मघाच्या कूलरला ही डबी असती, तर मुलाचा हात लागायच्या आधीच लाईन गेली असती.

घेताना तीन गोष्टी बघा. तिच्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं हवं. १०० किंवा ३०० ची असते, ती आगीसाठी, माणसासाठी नाही. आयएसआयचा शिक्का हवा. आणि तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर डबी बदला.

एक अनुभव सगळीकडे ऐकू येतो: "बसवली होती, पण सारखी पडायची म्हणून काढून टाकली." ती पडत होती कारण घरात करंट गळत होता. ओली भिंत, गिझरची खराब झालेली कॉइल, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र झालेले. डबी काढून गळती थांबत नाही, फक्त आपल्याला कळायची थांबते. एकेक वस्तू काढून, एकेक लाईन बंद करून दोष शोधून घ्या.

तिलाही मर्यादा आहे. मुलाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि जमिनीशी संपर्क नसेल, तर गेला तेवढा करंट परत येतो. डबीला काहीच कळत नाही. म्हणून बाकीची काळजी सुटत नाही.

घरात कुठे बघायचं?

नळाला पाणी आलं की घराघरात मोटार बाहेर निघते. जोड दिलेली वायर, त्यावर टेप, खाली ओली फरशी, आणि घरातले सगळे पाण्याच्या गडबडीत. त्या अर्ध्या-एक तासात मुलावर नजर ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या. त्याने बादल्या उचलायच्या नाहीत.

पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना मूल न्हाणीघरात नको. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्यात हात. कूलरमध्ये पाणी भरतानाही हाच क्रम.

झोळीजवळच्या टेबल फॅनची वायर मुलाच्या हाताला लागणार नाही अशी न्या. मुलं वायर चावतात. तोंडात शॉक लागला तर ओठाचा कोपरा भाजतो. जखम लहान दिसते, पण आठवडा-दोन आठवड्यांनी खपली निघताना तिथून जोरात रक्त येऊ शकतं. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याच्या घरात मीटरची वायर पत्र्याच्या कडेला घासत नाही ना, हेही बघा.

आणि लाईट गेलेली असताना मुलाला बोर्डाशी खेळू देऊ नका. लाईट सांगून येत नाही.

शॉक लागलाच तर

मुलाला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने वायर दूर ढकला. १०८ ला फोन करा. मूल हाक दिल्यावर उत्तर देत नसेल आणि श्वास नसेल, तर छातीच्या मधोमध दाब द्या: मिनिटाला १०० ते १२०, छाती एक तृतीयांश खाली जाईल इतका. ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. माती चोळणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका. मूल लगेच रडलं, बरं दिसलं, तरी दवाखान्यात न्या. आतली इजा बाहेरून दिसत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*बोर्डाला प्लास्टिकची झाकणं लावली तर?*

काहीच नसण्यापेक्षा बरं, पण मूल ती काढतं आणि तोंडात घालतं. त्यापेक्षा शटरचं सॉकेट घ्या. एकाच छिद्रात खिळा किंवा चमचा घातला तर त्याची आतली झडप उघडत नाही. ब्रिटनमध्ये १९४७ पासून घरातल्या सॉकेटला अशी झडप असते.

*आम्ही भाड्याने राहतो, मालक खर्च करत नाही.*

साध्या घराला ही डबी मजुरी धरून दोन-तीन हजारांच्या आसपास बसते. घर सोडताना वायरमनकडून काढून नेता येते. मालकाला विचारून बसवा, पण बसवाच. जमत नसेल तोवर कूलर, मोटार आणि रॉड ज्या बोर्डावर चालतात, निदान त्या लाईनला तरी बसवून घ्या.

आज घरी गेल्यावर मीटरजवळचा डबा उघडा आणि आत काय आहे ते वाचा. फक्त एमसीबी दिसलं, तर वायर सुरक्षित आहे. मुलाची व्यवस्था अजून करायची राहिली आहे.