शांतिसेना : आदेश आणि साधने
संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपात आणि बळाचा मर्यादित वापर या तीन तत्त्वांवर शांतिसेना उभी असते. वंशसंहारात ती अपुरी पडतात. पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. त्यांचा कार्यकाळ मार्च १९९३ मध्ये संपला. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने बोस्नियातील स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केले. अशा सहा क्षेत्रांसाठी सुमारे ३४,००० जादा सैनिकांची गरज सांगितली गेली; मंजूर झाले ७,६००. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सुमारे ८,००० मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये हा वंशसंहार ठरवला. साधनांविना दिलेला आदेश संरक्षण देत नाही. त्याची किंमत मोजण्याची सदस्य राष्ट्रांची तयारी हवी.