सुंतेच्या वादांतील शब्द

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जातांना पाली लागतें. या मुलखांत कोंकणी मुसलमानांची वस्ती जुनी. म्हणून 'सुंता' हा शब्द हिंदु घरांतहि नवा नाहीं. परंतु दोहों घरीं त्याचा अर्थ एक नाहीं. मूळ अरबी 'सुन्नत' म्हणजे रीत, पैगंबरांचा परिपाठ. कापण्याचा अर्थ 'खतना' या शब्दांत आहे. उलट ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकास सुंता म्हटली कीं बळजबरीचें धर्मांतर आठवतें. अलिबागेकडील बेने इस्रायल लोक मुलाच्या आठव्या दिवशीं हाच विधि करीत आले. त्यांच्या लेखीं ती ईश्वराशीं झालेल्या कराराची खूण.

अशा शब्दावरून वाद पेटला म्हणजे एक पक्ष 'अंगच्छेद' म्हणतो, दुसरा 'कातडीचा जरासा तुकडा'. पहिला निकाल देऊनच खटला सुरू करतो. दुसरा खटलाच उभा राहूं देत नाहीं. जर्मनींत २०१२ सालीं कोलोनच्या न्यायालयानें या कृत्यास शारीरिक इजा ठरविलें, आणि त्याच डिसेंबरांत तेथील संसदेनें तेंच कृत्य अटी घालून कायदेशीर केलें!

आंकडेहि शब्दांइतकेच फसवे. स्त्रीकडून पुरुषास होणारी एच.आय.व्ही.ची लागण सुंतेनें सुमारें ६० टक्क्यांनीं घटते, असें सांगतात. ऐकणाऱ्यास वाटतें, शंभरांतील साठ वांचले. केनियांतील किसुमू येथील प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दोन वर्षांत सुंता न झालेल्या शंभरांपैकीं सुमारें चौघांस लागण झाली, झालेल्यांपैकीं सुमारें दोघांस. लाभ खरा आहे. 'कांहींच उपयोग नाहीं' म्हणणाराहि खोटें बोलतो. पण तो प्रयोग रोग फार पसरलेल्या प्रदेशांतील, स्वतः संमति दिलेल्या प्रौढांवरचा. आपल्याकडील तान्ह्या मुलास तो आंकडा जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

पालकांस सर्वांत महाग पडतो तो मात्र रोगाचा शब्द. कातडी मागें न सरण्याच्या विकारास सुश्रुतानें 'निरुद्धप्रकश' म्हटलें आहे. तान्ह्या मुलाची कातडी जन्मतः चिकटलेलीच असते. ती बहुधा वयानुसार आपोआप सुटते. तिला कोणी रोगाचें नांव दिलें कीं बाप घाबरून संमति देतो. विधि धर्मासाठीं करावयाचा, तर तसें म्हणावें. त्यासाठीं निरोगी मुलास रोगी ठरवूं नये. वारंवार सूज येऊन व्रणानें कातडी कठीण, पांढुरकी झाली असेल, तर मात्र शस्त्रक्रिया हा उपचारच होय, आणि तेथें 'अंगच्छेद' हा शब्द मुलाच्या दुखण्यावर अन्याय करतो.