माल परत आला तर पैसे कुणाचे?

नागोठण्याच्या आसपास भात निघालं की त्याच शेतात वाल पेरतात. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर पीक येतं. कोवळ्या शेंगांची पोपटी सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या संस्थेचं काम शेंगा वाळल्यावर सुरू होतं. शहरातल्या बिरड्यासाठी लागणारे कडवे वाल आम्ही शेतकऱ्यांच्या अंगणातच विकत घेतो.

सुरुवातीला एक आजी आमच्या काट्याशेजारी स्वतःची पायली घेऊन बसल्या. "काटा तुजा, पायली माजी. दोनीवर मोज." बरोबरच होतं त्यांचं. व्यापाऱ्यानं वर्षानुवर्षं पायली शिगोशीग भरून घेतली आणि शिगेवरचे दाणे कधी हिशेबात धरले नाहीत. आम्ही वाल आधी पायलीनं मोजले, मग तेच काट्यावर घातले. पायलीला किती किलो भरले, ते त्यांच्या नातवानं भिंतीवर कोळशानं लिहिलं. त्या आळीत वजनावरून पुन्हा वाद झाला नाही.

पैशाचं कोडं मात्र अवघड. व्यापारी रोख देतो, लग्नाकार्याला उचलही देतो. आमचा माल घेणारे शहरातले दुकानदार पैसे देतात महिन्याभरानं. खरेदी दुप्पट झाली की अडकणारी रक्कमही दुप्पट. पेण-रोह्याकडची गावं बोलावू लागली तेव्हा बैठकीत एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "भुंगा लागून माल परत आला, तर पैसे कुनाचे जातील?" उत्तर ठरेपर्यंत आम्ही नवं गाव घेतलं नाही, आणि ते योग्यच झालं.

२०१० मध्ये हाच प्रश्न द्राक्ष बागायतदारांपुढे उभा राहिला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडली आणि अनेकांचे पैसे बुडाले. त्यांच्यापैकीच नाशिकच्या विलास शिंदे यांनी २००४ मध्ये मोजक्या शेतकऱ्यांना घेऊन द्राक्षनिर्यात सुरू केली होती. पुढे मोहाडीत सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्या उपकंपनीत सुमारे ३१० कोटी रुपये घातले. चर्चा या कोटींचीच होते. मला मोलाची वाटते ती निर्यातीच्या बागेत होणारी फवारणीची नोंद आणि तोडणीआधीची तपासणी. दोष मालाबरोबर बंदरापर्यंत जाऊच नये, यासाठीची ती मेहनत आहे.

आमचंही मग ठरलं. वाल कडक वाळलेले, निवडलेले हवेत, आणि ती पारख अंगणातच करायची. एकदा पोतं उचललं की तोटा संस्थेचा. त्यासाठी किलोमागे थोडे पैसे बाजूला टाकायचे. शेतकऱ्याला पैसे जागेवर, म्हणून जेवढी रोख तेवढीच गावं. यंदा रोह्याच्या बाजूचं एक गाव घेतलं आहे. पेणकडच्या मंडळींना पुढच्या हंगामाचं सांगितलं आहे.