जामखेड ते आशा : अर्धशतकाचा मागोवा

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिणारे बहुधा रुग्णालयांच्या इमारती, लसींचे शोध आणि सरकारी योजनांचे हुकूम यांच्या अनुरोधाने लिहितात, आणि त्या दृष्टीने पाहिले असता महाराष्ट्राच्या गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा ताळेबंद पुष्कळच समाधानकारक भरतो; परंतु ज्या गावांत हिवताप, हगवण, अवघड बाळंतपण आणि उपासमार यांचा पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम होता, त्या गावांच्या बाजूने हाच काळ पाहू गेल्यास निराळाच धागा हाती लागतो. वैद्यकाचे ज्ञान दवाखान्याच्या टेबलावरून उठून गावातल्या निरक्षर बाईच्या हाती कसे आले, ते येताना कोणाकोणाच्या हितसंबंधांना धक्का बसला, आणि सरकारने त्या बाईला आपल्या कारभारात सामावून घेताना तिच्याकडून काय घेतले व तिला काय द्यावयाचे राहिले, हा तो धागा होय.

विचार तसा जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच गावोगावी पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी अशी शिफारस केली होती. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे हळूहळू उभी राहिली, त्या समित्यांची शिफारस मात्र दप्तरातच राहिली.

वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या ध्यानी आले की, खाटेवर येऊन पडणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे आजार गावातच टळू शकले असते, आणि बरा होऊन गेलेला मनुष्य त्याच गढूळ पाण्याकडे व त्याच अर्धपोटी संसाराकडे परत जात असल्यामुळे पुन्हा त्याच खाटेवर येतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली, तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेड या अवर्षणग्रस्त गावी त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा पाया घातला. हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत, असा त्या वेळचा तेथील हिशेब होता.

लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. गावकऱ्यांची पहिली मागणी पाण्याची आणि अन्नाची होती, औषधाची नव्हती; आणि या डॉक्टरांचे मोठेपण असे की, ही मागणी आपल्या विषयाबाहेरची आहे असे म्हणून त्यांनी ती टाळली नाही. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, शेतकरी मंडळे स्थापन झाली, आणि कूपनलिका खोदावयाची वेळ आली तेव्हा तिची जागा दलित वस्तीत नक्की करण्यात आली. ज्या वस्तीतील बायकांना सवर्णांच्या विहिरीच्या काठाशी उभे राहून कोणी ओंजळीत पाणी घालील याची वाट पाहावी लागे, त्याच वस्तीतल्या हापशावर आता सगळ्या गावाला घागर घेऊन यावे लागले. अस्पृश्यतेवर कितीही व्याख्याने देऊन जे साधले नसते ते त्या हापशाने पुष्कळ अंशी साधले, आणि त्याचबरोबर हगवणीनेही काढता पाय घेतला. आरोग्य आणि सामाजिक न्याय हे दोन स्वतंत्र विषय नाहीत, याचे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात मला तरी दुसरे दिसत नाही.

गावात काम करण्यासाठी प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका नेमण्यात आल्या. परंतु परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला ना सुरक्षितता लाभे ना विश्वास, आणि तिची भाषाही पुस्तकी पडे. तेव्हा गावानेच आपल्यातली एखादी स्त्री निवडून द्यावी असा शिरस्ता पडला. निवडून आलेल्या स्त्रियांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित जातींतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, एका पंगतीला जेवत आणि एका खोलीत निजत. आणि जी स्त्री घरी असताना शेजारणीच्या हातचे पाणी पीत नसे तीच तिच्याबरोबर बसून गर्भाच्या ठोक्यांविषयी बोलू लागे.

त्यांना जे शिकविले जाई ते वरकरणी अगदी साधे होते. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये, उलट मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजीत राहावे. नाळ कापावयाची ती उकळलेल्या ब्लेडने, विळ्याने नव्हे. मुलाचे वजन दर महिन्याला करावे. खोकला हटत नसेल तर थुंकी तपासावी. अंगावरच्या बधिर चट्ट्याला देवीचा कोप न मानता महारोगाची शंका घ्यावी. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकून देण्याची चाल त्या काळी सर्रास होती, आणि तीन दिवस मधाच्या बोटावर ठेवलेले मूल कशाने गेले हे कोणाला उमगत नसे. डॉक्टरच्या तोंडून आलेली सूचना जी सासू ऐकून घेऊन सोडून देत असे, तीच सासू गावातल्या या बाईचे ऐके. कारण ही बाई तिच्यासारखीच उन्हात खुरपणीला जाणारी होती, आणि वासराला चीक पाजतो तर नातवाला का नको, असे तिला तिच्याच गोठ्यात उभी राहून विचारू शकत होती. १९७६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांतील अर्भकमृत्यूंचे प्रमाण हजारी ५२ वर उतरले होते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने डॉक्टरांची नावे वाचली. त्या बायकांची नावे त्यांच्या गावांबाहेर फारच थोड्यांना ठाऊक झाली.

हेच दशक इतरत्रही फलदायी ठरले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभारले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या गावांत सुगीच्या वेळी ज्वारी गोळा करून आरोग्यविमा चालविला, ज्यात अधिक जमीनवाल्याने अधिक ज्वारी घालावयाची आणि उपचार सर्वांना सारखा मिळावयाचा. डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबागजवळ मांडवा येथे अल्पशिक्षित बायकांना असेच तयार केले. तो प्रयोग यशस्वी होत असतानाच स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधामुळे गुंडाळावा लागला. मांडव्याचा हा शेवट माझ्या मते या सर्व इतिहासातला फार बोधप्रद भाग आहे. बाई गोळ्या वाटते तोवर तिचे कौतुक होते. औषधाची खरी किंमत, उपकेंद्र बंद असण्याचे कारण आणि योजनेचे पैसे कोठे गेले हे ती विचारू लागली की गावातली सत्ता सावध होते.

दिल्लीलाही या प्रयोगांची वार्ता पोहोचली होती. २ ऑक्टोबर १९७७ पासून केंद्र सरकारने हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली आणि त्याला महिना ५० रुपये देऊ केले. पुढच्याच वर्षी आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचा संकल्प सोडला. परंतु योजनेत बहुसंख्य पुरुष नेमले गेले, निवड पुष्कळ ठिकाणी गावाऐवजी गावपुढाऱ्याने केली, आणि ज्या सहवासातून जामखेडची बाई घडली तो सहवास तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात मिळण्याजोगा नव्हता. काही वर्षांतच योजना क्षीण झाली. सामाजिक शास्त्रे व वैद्यक या दोन्ही क्षेत्रांच्या राष्ट्रीय संशोधन परिषदांनी मिळून नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या कोल्हापूरशी निगडित असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा त्यात मोठा सहभाग होता, आणि आरोग्यसेवा लोकांच्या हाती सोपविल्यावाचून दारिद्र्य व रोग यांची सांगड तुटणार नाही हे त्यात स्पष्ट मांडले होते.

यानंतर लक्ष जाते ते गडचिरोलीकडे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था तेथे १९८०च्या दशकाच्या मध्यास सुरू केली. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढेच मानणाऱ्या जगभरच्या धोरणांना खडबडून जागे केले. त्या स्त्रियांनी लाजेपोटी किती वर्षे सोसले असेल याची कल्पना करू लागले की मन सुन्न होते. याच स्त्रियांनी पुढे दारूविरुद्ध चळवळ उभी केली, आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. नवरा पितो तेव्हा मुलाचे दूध कमी होते, हे आरोग्यशास्त्र त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

बालमृत्यूंच्या बाबतीत गडचिरोलीने जे केले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. लहान मुलांना मारणारा मोठा शत्रू न्यूमोनिया. त्याची खूण जलद श्वास. आणि गावातल्या कार्यकर्त्याला साठपर्यंत मोजता येत नाही, ही अडचण. तेव्हा एक साधे उपकरण तयार करण्यात आले : एका पट्टीवर मिनिटभराची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांची ओळ. मुलाच्या पोटाच्या हालचालीकडे पाहात दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी शेवटचा तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे. न्यूमोनियाने होणारे मृत्यू या उपायाने निम्म्याहून खाली आले. पुढे १९९५ पासून ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलेल्या स्त्रिया नवजात बालकाच्या घरी जाऊन त्याला ऊब देऊ लागल्या, त्याचे वजन करू लागल्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास इंजेक्शनही देऊ लागल्या. सातवी-आठवी शिकलेल्या बाईने तान्ह्या मुलाला सुई टोचावी या कल्पनेने अनेक वैद्यकतज्ज्ञांच्या भुवया वर गेल्या. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. या आकड्यापुढे वाद संपावयास हवा होता. प्रत्यक्षात ही पद्धती राष्ट्रीय धोरणात रुजू होण्यास २०११ साल उजाडले.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडत होती. लोकविज्ञान संघटना, पुण्याची ‘साथी’ संस्था, डहाणूची कष्टकरी संघटना आणि ठिकठिकाणचे कार्यकर्ते यांनी आरोग्यसेवा हा हक्क आहे, तेव्हा तिची तक्रारही जाहीरपणे झाली पाहिजे, असा आग्रह धरला. जन आरोग्य अभियान उभे राहिले, २००४ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या साहाय्याने विभागवार जनसुनवाया झाल्या, आणि २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचाच एक भाग म्हणून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईचे दृश्य ज्याने पाहिले त्याला त्यातले नावीन्य सांगावे लागत नाही. आरोग्य केंद्राच्या अंगणात मांडव, एका बाजूला तालुका आरोग्य अधिकारी व वैद्यकीय अधिकारी, मधे पंच, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या बायका. त्यांतली एक उठते आणि बाळंतपणाला कोणी किती पैसे मागितले, बाहेरच्या दुकानातून कोणत्या औषधाची चिठ्ठी दिली, गाडी कोणत्या कारणाने आली नाही हे वार सांगून सांगते. आणि अधिकाऱ्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. गावांनी सेवांना दिलेल्या शेऱ्यांत ‘चांगली’ या शेऱ्याचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते, तिसऱ्या फेरीत ते ६६ टक्क्यांवर गेले. खर्चाच्या मानाने इतका परतावा देणारी सुधारणा सरकारी आरोग्यखात्याच्या इतिहासात विरळाच असेल, आणि ती सर्व जिल्ह्यांत कायमची का झाली नाही याचे समाधानकारक कारण मला कोठे आढळलेले नाही.

आता ‘आशा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांविषयी. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा योजना आली आणि जामखेड-गडचिरोलीच्या बाईला प्रथमच देशव्यापी रूप मिळाले. घरी बाळंतपण झाल्यास सात आणि दवाखान्यात झाल्यास सहा भेटी देऊन नवजात बालकाची काळजी घ्यावयाची, आणि बेचाळीस दिवसांचे हे काम पूर्ण झाल्यावर मिळावयाचे ते २५० रुपये. महाराष्ट्राचे अर्भकमृत्यूंचे प्रमाण २००५ साली हजारी ३६ होते, २०२० साली ते १६ वर आले. या उताराला रस्ते, शिक्षण, लसी, दवाखान्यातील बाळंतपणे अशी अनेक कारणे आहेत, तरी त्या प्रत्येक कारणाच्या आणि घराच्या दरम्यान आशाताईच उभी होती हे कोणालाही नाकारता येणार नाही. करोनाच्या साथीत ती घरोघर तपासणीला गेली, तेव्हा कित्येक घरांनी तिच्या तोंडावर दार लावले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी आणि त्यानंतरही महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली, हे चांगलेच झाले. परंतु कर्मचारी म्हणून तिची गणना अद्याप झालेली नाही.

माझा निष्कर्ष असा की, सरकारने जामखेडची बाई घेतली, पण जामखेडचे गाव घेतले नाही. तिला नोंदवह्या दिल्या, उद्दिष्टे दिली, अलीकडे मोबाइलवरील माहिती भरण्याचे कामही दिले. मात्र तिची नेमणूक करणारे, तिच्या पाठीशी उभे राहणारे आणि तिच्या तोंडून प्रश्न विचारणारे जागे गाव घडविण्याचे काम योजनेच्या कागदावर राहिले. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आज गावोगावी आहे, आणि वर्षाला दहा हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूदही तिच्यासाठी आहे. वाचकांपैकी जे गावी राहतात, किंवा ज्यांचे गावाकडे येणे-जाणे आहे, त्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या ग्रामसभेस त्यांनी अवश्य उपस्थित राहावे, या समितीचे सभासद कोण ते विचारावे, निधीचा हिशेब वाचून दाखविण्यास सांगावे, आणि आपल्या आशाताईला सभेपुढे बोलावयास वेळ मागून द्यावा.